आर्थर राउली : दुय्यम मैदानांवरचा उच्चांक

इंग्लंडांतील फुटबॉल लीग १८८८ सालीं स्थापन झाली. तेव्हांपासून आजतागायत त्या लीगच्या सामन्यांत सर्वांत अधिक गोल कोणी केले, असा प्रश्न एखाद्या जाणत्या प्रेक्षकाला विचारला, तर तो बहुधा डिक्सी डीनचें नांव घेईल, किंवा जिमी ग्रीव्ह्जचें. वयानें लहान असेल तर दूरचित्रवाणीवर पाहिलेल्या एखाद्या अलीकडच्या खेळाडूचें. खरें उत्तर निराळें आहे. तो मान आर्थर राउली नांवाच्या एका धिप्पाड, डाव्या पायानें खेळणाऱ्या गृहस्थाकडे जातो. लीगचे ६१९ सामने आणि त्यांत ४३४ गोल, असा त्याचा हिशेब आहे, आणि हा आंकडा आजहि अबाधित आहे. असें असतां राउली इंग्लंडच्या मुख्य राष्ट्रीय संघाकडून एकदांहि खेळला नाहीं; एफ. ए. चषकाच्या अंतिम सामन्यांत त्याचें पाऊल कधीं पडलें नाहीं. आणि त्याचे बहुतेक गोल पहिल्या वर्गाच्या झगमगाटाबाहेर, दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या वर्गाच्या मैदानांवर झाले. ज्याच्या नांवावर सर्वांत मोठा आंकडा, त्याचीच ओळख सर्वांत पुसट, हें कसें घडलें? त्याचा उलगडा करावयाचा तर एका माणसाच्या पायांतील जोरापेक्षां त्या काळच्या इंग्रजी फुटबॉलची घडणच अधिक बारकाईनें पाहावी लागते.

श्रोत्यांपैकीं ज्यांचा या खेळाशीं परिचय बेताचाच असेल त्यांच्यासाठीं थोडा खुलासा अवश्य आहे. १९५० सालापासून या लीगमध्यें ९२ क्लब होते. पहिल्या वर्गांत २२, दुसऱ्या वर्गांत २२, आणि तिसऱ्या वर्गाचे उत्तर व दक्षिण असे दोन भाग असून प्रत्येकांत २४. शाळेंतल्याप्रमाणें येथेंहि वर्षअखेर वरच्या वर्गांत चढणें असतें. फरक एवढाच कीं, येथें नापास झालेल्याला त्याच वर्गांत पुन्हां बसूं देत नाहींत, सरळ खालच्या वर्गांत धाडतात. दुसऱ्या वर्गांतून दोन संघ वर जात. तिसऱ्या वर्गांतून मात्र उत्तरेचा पहिला व दक्षिणेचा पहिला एवढ्या दोघांनाच दार उघडत असे, त्यामुळें तेथें अडकलेला क्लब वर्षानुवर्षें अडकूनच राही. १९५८ सालीं ही व्यवस्था बदलली. दोन्ही भागांतील वरचे अर्धे संघ एकत्र करून तिसरा वर्ग झाला आणि खालच्या अर्ध्यांचा चौथा वर्ग निर्माण झाला. राउलीची कारकीर्द या दोन्ही व्यवस्थांत पसरलेली आहे आणि चारी वर्गांत तो गोल करून गेला आहे.

त्याचा जन्म २१ एप्रिल १९२६ रोजीं वुल्व्हरहॅम्प्टन येथें झाला. कोळसा आणि लोखंड यांच्या धुरामुळें ज्या टापूला ‘काळा मुलूख’ असें नांव पडलें, त्याच्या कडेला हें शहर आहे. थोरला भाऊ जॅक हा आर्थरहून कांहीं वर्षांनीं मोठा. तो मँचेस्टर युनायटेडचा नामांकित आघाडीचा खेळाडू होता. १९४८ च्या चषकाच्या अंतिम सामन्यांत त्यानें ब्लॅकपूलविरुद्ध दोन गोल केले, १९५१–५२ सालीं लीगचें विजेतेपद मिळविणाऱ्या संघांत तो होता, आणि इंग्लंडकडून सहा सामने खेळून त्यांतील एका सामन्यांत त्यानें एकट्यानें चार गोल केले. दोघां भावांना लोक ‘तोपची’ म्हणत. नांव एक, बळ एक. परंतु एकाची तोफ राजधानीच्या तटावर चढली आणि दुसऱ्याची आडवळणाच्या गढ्यांवर. १९५५ सालच्या ऑक्टोबर महिन्यांत तर असा योग आला कीं, दोघांनींहि लीगमधला आपापला दोनशेंवा गोल एकाच दिवशीं केला. त्या वेळीं जॅक प्लिमथ येथें खेळाडू व व्यवस्थापक अशा दुहेरी नात्यानें होता, आणि आर्थर लेस्टरला. थोरल्याची कारकीर्द मावळतीकडे झुकली होती. धाकट्याचे मात्र आणखी दोनशेंहून अधिक गोल व्हावयाचे होते.

युद्धकाळांत इंग्लंडांतले बहुतेक जवान खेळाडू सैन्यांत गेले, तेव्हां क्लब मिळेल त्या मुलाला घेऊन सामने पार पाडीत. अशाच एका युद्धकालीन सामन्यांत अवघ्या पंधरा वर्षांचा आर्थर मँचेस्टर युनायटेडकडून उतरला. पुढें १९४४ सालीं वेस्ट ब्रॉमिच ॲल्बियननें त्याला पगारी खेळाडू म्हणून नोंदवून घेतलें. तेथें त्याचें नशीब फारसें उघडलें नाहीं. लीगच्या २४ सामन्यांत चारच गोल त्याच्या खात्यावर पडले. १९४८ च्या डिसेंबरांत क्लबनें त्याला लंडनच्या फुलम क्लबला देऊन टाकलें आणि बदल्यांत तिकडचा एक खेळाडू घेतला. हा व्यवहार वेस्ट ब्रॉमिचला किती महाग पडला तें पाहण्यासारखें आहे. हंगामाच्या उरलेल्या भागांत राउलीनें फुलमकडून २२ सामन्यांत १९ गोल केले. हंगाम संपला तेव्हां दुसऱ्या वर्गांत फुलम पहिला आला ५७ गुणांनीं, आणि वेस्ट ब्रॉमिच दुसरा ५६ गुणांनीं. सुदैवानें दोघांनाहि बढती मिळाली म्हणून कोणी फार हळहळलें नाहीं इतकेंच.

हाच तो हंगाम कीं ज्यांत इंग्लंडमधील लीगच्या सामन्यांना चार कोटी दहा लाखांहून अधिक प्रेक्षक लोटले. तेवढी गर्दी त्या पूर्वीं कधीं झाली नव्हती, नंतरहि झाली नाहीं. रेशनचा काळ, बाँबनें पडलेलीं घरें, करमणुकीचीं साधनें थोडीं. शनिवारीं दुपारीं गिरणीचा भोंगा वाजला कीं कामगार तसेच मैदानाची वाट धरीत. खालच्या वर्गाच्या मैदानांवरहि हजारोंनीं माणसें उभीं असत. दुसरा किंवा तिसरा वर्ग म्हणजे ओसाड माळावरचा खेळ, अशी जी कल्पना आज सहज होते, ती त्या काळाला लागू करणें चूक ठरेल.

फुलम पहिल्या वर्गांत गेल्यावर तेथें राउलीला यश बेताचेंच मिळालें, आणि १९५० च्या उन्हाळ्यांत तो लेस्टर सिटी क्लबांत आला. हें मोज्यांचें आणि पादत्राणांचें शहर. नांवाच्या इंग्रजी अक्षरांकडे पाहून उच्चार करूं जाणाऱ्याची फजिती ठरलेलीच; अक्षरें पुष्कळ आणि ध्वनि थोडे. येथील फिल्बर्ट स्ट्रीटच्या मैदानावर राउली आठ वर्षें खेळला आणि या आठ वर्षांतच त्याचें नांव झालें. लीगचे ३०३ सामने आणि २५१ गोल! म्हणजे दर सहा सामन्यांस पांच गोल अशी जवळजवळ सरासरी, आणि ती एका वर्षाची नव्हे, आठ वर्षांची.

त्याचा खेळ कसा होता? अंगानें तो भारी होता आणि वयाबरोबर अधिकच भारी होत गेला. चपळाईनें चारपांच जणांना हुलकावणी देत जाणें हें त्याचें काम नव्हे. परंतु चेंडू कोठें येऊन पडणार याचा अंदाज त्याला इतरांच्या आधीं येई, आणि एकदां चेंडू डाव्या पायाखालीं आला कीं गोलरक्षकाला हात वर करण्याचीहि उसंत मिळत नसे. त्या काळचा चेंडू चामड्याचा, वादीनें शिवलेला. पावसांत भिजला कीं धोंड्यासारखा जड होई. जानेवारी-फेब्रुवारींत मैदानावर घोट्यापर्यंत चिखल. अशा चिखलांत तसला चेंडू वीस वीस यार्डांवरून जाळ्यांत बसविणें याला जें बळ लागतें, तें लेस्टरच्या लोकांनीं दर शनिवारीं पाहिलें. पेनल्टीचा फटकाहि तोच मारी. एक बचावाचा खेळाडू खांद्याला भिडलेला असतांना उभ्या उभ्या अर्धें वळण घेऊन चेंडू मारण्याची त्याची पद्धति होती. तिला देखणी म्हणावी कीं नाहीं यावर दुमत होईल, उपयुक्ततेबद्दल होणार नाहीं.

१९५३–५४ च्या हंगामांत लेस्टर दुसऱ्या वर्गांत पहिला आला. लेस्टर आणि एव्हर्टन या दोघांचेहि गुण ५६. केवळ गोलांच्या सरासरीवर लेस्टर वर ठरला. जेथें गोलांच्या सरासरीवर निकाल लागतो तेथें राउलीसारख्या माणसाची किंमत निराळी सांगावयास नको. परंतु पहिल्या वर्गांत हा संघ एकच वर्ष टिकला. पुन्हां खालीं येऊन १९५६–५७ सालीं त्यानें दुसऱ्या वर्गाचें विजेतेपद परत मिळविलें, आणि तें दिमाखानें. त्या हंगामांत संघानें १०९ गोल केले, त्यांपैकीं ४४ एकट्या राउलीचे. लेस्टरच्या इतिहासांत एका हंगामांतील हा उच्चांक आहे. एकंदर गोलांचा क्लबचा उच्चांक मात्र त्याच्या हातून थोडक्यांत निसटला. त्याच्या आधींच्या पिढींतील आर्थर चँडलर या खेळाडूनें लेस्टरकडून लीगमध्यें २५९ गोल केले होते. साऱ्या इंग्लंडांत पहिला ठरलेला माणूस ज्या गांवीं त्याची कीर्ति झाली तेथें दुसराच राहिला!

आतां राष्ट्रीय संघाचा प्रश्न. १९५६ सालीं इंग्लंडच्या ‘ब’ संघांत त्याला एकदां घेतलें, लीगच्या निवडक संघांतूनहि तो एकदां खेळला; त्यापलीकडे निवड समितीची मजल गेली नाहीं. त्या काळीं इंग्लंडचा संघ व्यवस्थापक निवडीत नसे. वॉल्टर विंटरबॉटम हे १९४६ पासून १९६२ पर्यंत व्यवस्थापक होते, परंतु खेळाडूंची निवड क्लबांच्या संचालकांतून आलेली समिति करी. या समितीची नजर पहिल्या वर्गावर असे, आणि तें अगदींच अकारण नव्हतें. बोल्टनचा नॅट लॉफ्टहाउस ३३ सामन्यांत ३० गोल करून गेला. त्याच्यामागून मँचेस्टर युनायटेडचा टॉमी टेलर आला, ज्याचा १९५८ च्या म्युनिक येथील विमान-अपघातांत अंत झाला. अशा दोघांना वगळून राउलीला घ्यावें असें म्हणणें सोपें नाहीं. शिवाय १९५३ च्या नोव्हेंबरांत हंगेरीनें वेम्ब्ले येथें इंग्लंडला ६–३ असें लोळविलें, तेव्हां मैदानभर संचार करणारा, मागें येऊन चेंडू घेणारा मध्य-आघाडीचा खेळाडू कसा असतो हें हिडेगकुटीनें इंग्रजांना दाखवून दिलें. राउली त्या जातीचा नव्हता. तथापि सतत सात-आठ वर्षें गोलांची रास घालणाऱ्या माणसाला एकदांसुद्धां, एखाद्या लहानशा सामन्यांतसुद्धां पारखून पाहूं नये, याचें समर्थन करणें कठीण आहे. समितीनें त्याला नाकारलें असें म्हणण्यापेक्षां समितीनें त्याच्याकडे पाहिलेंच नाहीं असें म्हणणें अधिक यथार्थ होईल.

येथें एक शंका सहजच येते. इतका गोल करणारा माणूस पहिल्या वर्गांतल्या एखाद्या मोठ्या क्लबांत कां गेला नाहीं? अधिक पैसा, अधिक कीर्ति, सर्वच मिळालें असतें. या शंकेचें उत्तर त्या काळच्या वेतनाच्या नियमांत आहे. १९०१ सालापासून इंग्लंडांतील पगारी खेळाडूच्या आठवड्याच्या वेतनाला वरची मर्यादा होती. आरंभीं ती चार पौंड होती. महायुद्धानंतर १९४७ सालीं बारा, १९५१ सालीं चौदा, १९५३ सालीं पंधरा, १९५७ सालीं सतरा आणि १९५८ सालीं वीस पौंड, अशी ती पायरीपायरीनें वाढली. साठ हजार प्रेक्षकांसमोर खेळणाऱ्या राष्ट्रीय वीराला ही मर्यादा लागू, आणि नदीकांठच्या लहान गांवांत खेळणाऱ्यालाहि तीच. लहान क्लब सर्वांना मर्यादेइतकें देऊं शकत नसत हें खरें; पण एखाद्या चांगल्या खेळाडूला तेवढें देणें त्यांच्या आवांक्यांत असे. मग वरच्या वर्गांत जाऊन मिळावयाचें काय? चार-दोन पौंडांचे बक्षिसी पैसे आणि वर्तमानपत्रांत छायाचित्र.

आणि जावें म्हटलें तरी जाणें खेळाडूच्या हातीं नव्हतें. करार वर्षाचा असे. परंतु करार संपला तरी खेळाडूची नोंदणी क्लबच्याच ताब्यांत राही. क्लबनें ‘राखून ठेवलेल्यां’च्या यादींत नांव घातलें कीं दुसऱ्या कोणत्याहि क्लबला त्याला घेतां येत नसे, मग तो पहिल्या क्लबकडून पगार घेवो वा न घेवो. कुळकायद्यापूर्वींच्या कुळाचीहि स्थिति कांहीं बाबतींत याहून बरी म्हणावी लागेल. खेळाडूंच्या संघटनेनें संपाची नोटीस दिल्यावर १९६१ च्या जानेवारींत वेतनाची मर्यादा उठली; फुलमच्या जॉनी हेन्सला आठवड्यास शंभर पौंड मिळूं लागले. राखून ठेवण्याची पद्धति त्यानंतरहि उरली होती. जॉर्ज ईस्टम नांवाच्या खेळाडूनें न्यूकॅसल क्लबविरुद्ध दावा लावला आणि १९६३ सालीं न्यायमूर्ति विल्बरफोर्स यांनीं ती पद्धति म्हणजे व्यवसायावर घातलेलें गैरवाजवी बंधन आहे असा निर्णय दिला.

या जुन्या नियमांत खेळाडूंवर अन्याय होता यांत संशय नाहीं. परंतु त्याचा एक परिणाम असाहि झाला कीं, चांगले खेळाडू देशभर विखुरलेले राहिले. श्रीमंत क्लबांना पैशाच्या जोरावर सर्व हिरे आपल्या पेटींत भरतां येत नसत. लेस्टर, प्लिमथ, श्रूजबरी अशा ठिकाणच्या प्रेक्षकाला आपल्या गांवच्या मैदानावर, आपल्या ओळखीच्या माणसांत उभें राहून, देशांत अव्वल ठरेल असा खेळ पाहावयास मिळे. राउलीचे ४३४ गोल हे या परिस्थितीचें फळ आहे. आज चौदा-पंधरा गोल करणाऱ्या खालच्या वर्गांतील पोराला वरचा क्लब लगेच उचलून नेतो. तेथें तो कधीं बाकावर बसतो, कधीं दुसऱ्या देशांत पाठविला जातो. वीस वर्षें एकाच देशाच्या लीगमध्यें, दर शनिवारीं, दुखापत सोसून, गोल करीत राहण्याचा योग आतां कोणाला येईल असें दिसत नाहीं. त्याचा उच्चांक अबाधित आहे याचें अर्धें श्रेय त्याच्या डाव्या पायाला आणि अर्धें त्या गेलेल्या व्यवस्थेला द्यावें लागेल.

१९५८ च्या उन्हाळ्यांत, वयाच्या बत्तिसाव्या वर्षीं, लेस्टरनें त्याला जाऊं दिलें. लेस्टरच्या प्रेक्षकांना हें मुळींच रुचलें नाहीं. राउली श्रूजबरी टाउन क्लबांत खेळाडू-व्यवस्थापक म्हणून गेला, म्हणजे पहिल्या वर्गांतून एकदम नव्या चौथ्या वर्गांत.

श्रूजबरी हें वेल्सच्या सीमेजवळचें जुनें बाजारगांव. त्याच्या नांवाचा उच्चार ‘श्रूजबरी’ कीं ‘श्रोजबरी’ याविषयीं खुद्द गांवकऱ्यांतच एकमत नाहीं. सेव्हर्न नदी गांवाला असा विळखा घालून गेली आहे कीं, मधला भाग जवळजवळ बेटच व्हावा. चार्ल्स डार्विन येथलाच. तो येथेंच शाळेंत होता. हिंदी माणसाला आणखी एक ओळखीची खूण येथें भेटते, ती फारशी सुखद नव्हे. गांवच्या चौकांत प्लासीच्या क्लाइव्हचा पुतळा आहे. तो या गांवचा पार्लमेंटमधील प्रतिनिधि होता आणि १७६२ सालीं नगराध्यक्षहि झाला होता. असो. क्लबचें मैदान गे मेडो हें इंग्लिश ब्रिज नांवाच्या पुलाजवळ, अगदीं नदीच्या कांठाला लागून होतें. जोराचा फटका बसला कीं चेंडू छपरावरून सरळ सेव्हर्नच्या पात्रांत. हे चेंडू काढण्यासाठीं क्लबनें एक माणूस नेमलेला असे. हंपीजवळ तुंगभद्रेवर ज्या टोपल्यासारख्या गोल होड्या दिसतात त्याच जातीची एक छोटी होडी, तिकडे तिला कोरॅकल म्हणतात, घेऊन तो सामन्याच्या वेळीं कांठावर सज्ज राही आणि वाहत चाललेला चेंडू परत आणून देई. ज्या क्लबला एका चेंडूसाठीं नदींत होडी घालावी लागते, त्याची सांपत्तिक स्थिति काय असेल हें वेगळें सांगण्याची जरूर नाहीं.

आठच वर्षांपूर्वीं, १९५० सालीं, या क्लबला लीगमध्यें प्रवेश मिळाला होता. राउलीनें पहिल्याच हंगामांत ३८ गोल केले. तो क्लबचा उच्चांक आहे. संघ चौथ्या वर्गांत चौथा आला आणि पहिल्या चारांना बढती असल्यामुळें एका वर्षांतच तिसऱ्या वर्गांत चढला. व्यवस्थापकाच्या खोलींत बसून संघाची यादी करावयाची, नव्या पोरांना शिकवावयाचें, हिशेब पाहावयाचे, आणि शनिवारीं बूट चढवून स्वतःच गोल करावयाचे, असा त्याचा दिनक्रम. पुढल्या वर्षीं ३२ गोल. त्याच्या पुढल्या, १९६०–६१ च्या हंगामांत लीग-चषक नांवाची नवी स्पर्धा सुरू झाली, तींत या तिसऱ्या वर्गाच्या संघानें एव्हर्टनसारख्या बलाढ्य क्लबला २–१ असें हरवून उपान्त्य फेरी गांठली. तेथें रॉदरमपुढें त्याचें कांहीं चाललें नाहीं.

त्याच हंगामाच्या शेवटच्या दिवशीं, २९ एप्रिल १९६१ रोजीं, ब्रॅडफर्ड सिटीच्या मैदानावर राउलीनें लीगमधला आपला ३८० वा गोल केला आणि डिक्सी डीनचा ३७९ गोलांचा उच्चांक मोडला. तिसऱ्या वर्गाचा साधा सामना. विजयानंतर मिरवणूक नाहीं, राजमान्य व्यक्तींची उपस्थिति नाहीं. डीनचे त्यापैकीं ३४९ गोल एव्हर्टनसाठीं झाले होते, आणि १९२७–२८ या एकाच हंगामांत पहिल्या वर्गांत त्यानें ६० गोल केले होते. सामनेहि त्याला साडेचारशेंहून कमी लागले. यावरून कित्येक टीकाकार म्हणतात कीं, डीनचा आंकडा सोन्याचा आणि राउलीचा पितळेचा. सीमेपलीकडे स्कॉटलंडांतील जिमी मॅकग्रोरीचे ४१० गोलहि पुढल्या दोन वर्षांच्या आंत राउलीनें मागें टाकले. मॅकग्रोरीनें तर जितके सामने खेळले त्याहून अधिक गोल केले होते.

या आक्षेपांत तथ्य आहे. पण तें जितकें समजतात तितकें नाहीं. दुसऱ्या वर्गाचा बचाव पहिल्या वर्गाइतका कसलेला नव्हता, हें मान्य. पण त्याच दुसऱ्या वर्गांत त्याच वेळीं डझनावारी चांगले आघाडीचे खेळाडू होते. त्यांना तेच बचाव, तेच चिखल, तेच चेंडू मिळाले. त्यांपैकीं एकालाहि राउलीच्या जवळपास जातां आलें नाहीं. आणि लेस्टर पहिल्या वर्गांत असतांनाहि त्याची तोफ थंड पडली नव्हती. त्याच्या गोलांनींच संघाला तेथें तग धरण्याचा आधार मिळाला. डीनचा खेळ श्रेष्ठ होता असें मानणारानें खुशाल मानावें. आंकडा मात्र कोणाच्या मतावर चालत नाहीं, तो मोजावा लागतो.

पुढें गोल कमी होऊं लागले. शरीर जड झालें, तेव्हां तो आघाडी सोडून मागें सरकून खेळूं लागला. १९६३–६४ सालीं पांच गोल, १९६४–६५ सालीं दोन. श्रूजबरीकडून एकंदर २३६ सामन्यांत १५२ गोल झाल्यावर, एकोणचाळिसाव्या वर्षीं त्यानें बूट उतरविले. त्याच शेवटच्या हंगामांत, १९६५ च्या जानेवारींत, त्याच्या संघानें चषकाच्या स्पर्धेंत मँचेस्टर सिटीला गे मेडोवर ३–१ असें हरविलें होतें. व्यवस्थापक म्हणून तो श्रूजबरीला १९६८ पर्यंत राहिला. मग थोडे दिवस शेफील्ड युनायटेडकडे आणि १९७० ते १९७६ साउथएंड येथें. व्यवस्थापक या नात्यानें त्याला मोठें नांव मिळालें नाहीं, आणि त्या काळीं तें थोड्यांनाच मिळे.

म्हातारपणीं तो श्रूजबरीलाच परतला. १९९८ सालीं जॅक गेला. आर्थरचें निधन १९ डिसेंबर २००२ रोजीं श्रूजबरी येथें झालें. तेव्हां तो शहात्तर वर्षांचा होता. गे मेडोवर त्यानंतरहि पांचेक वर्षें सामने होत राहिले. २००७ सालीं क्लबनें गांवाच्या कडेला नवें मैदान बांधलें आणि नदीकांठची ती जागा सोडली.